देव्हारा, सरस आणि गॅरेजचा हीटर

किचनर, ओंटारिओ. हिवाळा २०२४-२५.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज घड्याळं तासभर मागे गेली. उद्यापासून ऑफिसातून घरी पोचेपर्यंत अंधार, आणि अंधाराच्या पाठोपाठ गॅरेजमध्ये गारठा. दरवर्षी या सुमाराला मी हत्यारांना तेल लावतो, टेबल सॉवर (विजेच्या बैठ्या करवतीवर) जुनं गोधडं टाकतो आणि एप्रिलपर्यंत गॅरेजचं तोंड बघत नाही. यंदा तसं चालणार नाही. धाकट्या बहिणीने गुएल्फला घर घेतलंय, वास्तुशांत पाडव्याला, पाडवा ३० मार्चला. देव्हारा मी करून देतो असं दिवाळीच्या फराळावर सगळ्यांसमोर बोलून झालंय.

लाकूड आणून ठेवलं: हार्ड मेपल, कमान आणि कळसाला वॉलनट. आता हीटर.

जागेचं माप: आतून २० बाय २० फूट, उंची ९. मागची आणि डावी भिंत घराला लागून. उजवी भिंत बाहेरची, समोर १६ बाय ७ चा साधा पत्र्याचा दरवाजा. वर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) आणि त्यावर मोकळा माळा, खाली काँक्रीट. बायकोची अट एकच, "बर्फ पडेल त्या रात्री माझी गाडी आत हवी."

७ नोव्हेंबर

किती ऊब हवी, हे आधी ठरवलं. माणसाला जाड स्वेटर घालून आठ-दहा अंशांत रंधा मारता येतो, उलट जरा बरंच वाटतं. अडतं ते सरसापाशी. पिवळा सरस पाण्यातला असतो आणि ठरावीक तापमानाच्या खाली त्याचा सलग पापुद्राच बनत नाही. वाळल्यावर सांध्यात खडूसारखी पांढरी भुकटी दिसते आणि सांधा हाताने उकलतो. टाइटबाँड या कंपनीच्या सरसाच्या बाटलीवरचे आकडे फॅरेनहाइटमध्ये आहेत: मूळ प्रकाराला किमान ५०, दोन नंबरला ५५, तीन नंबरला ४७. सेल्सिअसमध्ये १०, १३ आणि ८ च्या आसपास. आणि हे तापमान हवेचं पुरत नाही, लाकडाचंही तेवढं असावं लागतं. चार अंशांवरच्या फळीला कोमट सरस लावला तरी तो क्षणात फळीइतकाच गार होतो.

म्हणून लक्ष्य १२ अंश. त्याहून जास्तीचा हट्ट नाही. दुकानातल्या हीटरच्या खोक्यांवर सोफ्यात बसून पुस्तक वाचणारी बाई असते, ती आपली गरज नव्हे.

१० नोव्हेंबर

दुपारभर बसून उष्णता कुठून किती जाते याचा हिशेब केला. आत १२, बाहेर उणे १८, म्हणजे ३० अंशांचा फरक. आज आहे त्या अवस्थेत:

छतातून २.८ किलोवॅट. फटींतून येणाऱ्या वाऱ्यापायी २. पत्र्याच्या दरवाज्यातून १.८. बाहेरच्या भिंतींतून १.२. काँक्रीटच्या बाहेरच्या कडेने ०.४. एकूण आठच्या पुढे.

दरवाजा हाच खरा चोर असं मी धरून चाललो होतो, कारण हात लावला की गार तोच लागतो. पण माळ्यावर ग्लासवूलचं एक सूतही नाही आणि छताचं क्षेत्रफळ दरवाज्याच्या साडेतीन पट आहे. ऊब वर जाऊन बसते आणि तिथूनच निघून जाते.

आठ किलोवॅटचा हीटर घेण्यात अर्थ नाही. आधी छत.

१६ नोव्हेंबर

कॅनेडियन टायर या दुकानात चक्कर. प्लगचे हीटर रांगेने मांडलेले: सिरॅमिक, तेलाचे रेडिएटर, क्वार्ट्झ, लाकडी पेटीतले "इन्फ्रारेड". किमती चाळीस डॉलरपासून तीनशेपर्यंत. सगळ्यांवर आकडा तोच, १५०० वॅट. इथल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर, त्यातून सतत चालणाऱ्या उपकरणाने यापेक्षा जास्त ओढायचं नाही. पुण्याच्या घरात १६ अँपिअरच्या सॉकेटवर २ किलोवॅटचा गिझर बिनधास्त चालतो, कारण तिथे २३० व्होल्ट. इथे दुप्पट व्होल्टेज घरात येतं खरं, पण ते चुलीला आणि कपडे वाळवायच्या यंत्राला राखलेलं.

वीज जाळून उष्णता करताना १५०० वॅट म्हणजे १५०० वॅटच, तासाला ५,१०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप). तीनशेचा हीटर चाळीसच्या हीटरपेक्षा एक बीटीयू जास्त देत नाही. जास्तीचे पैसे पंख्याच्या आवाजाचे, रिमोटचे आणि त्या लाकडी पेटीचे.

शिवाय गॅरेजच्या सॉकेटांना ब्रेकर एकच. हीटर चालू असताना टेबल सॉ सुरू केली की अंधार.

१८ नोव्हेंबर

साताऱ्याला बाबांशी व्हिडिओ कॉल. त्यांचा सल्ला तयारच होता, "अरे, कोळशाची शेगडी ठेव की कोपऱ्यात. महाबळेश्वरला आम्ही रात्र रात्र काढायचो."

"बाबा, तिकडे दाराला बोटभर फटी होत्या. मी इथे फटी बुजवायला निघालोय."

ते हसले, पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. इथून तासाभराच्या आत वुडस्टॉक नावाचं गाव आहे. तिथे २००८ मध्ये एक अख्खं कुटुंब घरातल्या घरात कार्बन मोनॉक्साइडने, म्हणजे इंधन जळताना सुटणाऱ्या विषारी वायूने, गेलं. त्यातूनच ओंटारिओत २०१३ चा हॉकिन्स-गिन्याक कायदा आला: घरात इंधन जाळणारं काही असेल किंवा घराला लागून गॅरेज असेल, तर झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गॅरेजचं नाव कायद्यात उगाच नाही. तिथला धूर दाराखालून घरात येतो, आणि या वायूला वास नसतो.

अलार्म आमच्याकडे वरच्या मजल्यावर आहे. तळमजल्यासाठी आणखी एक आणला.

२४ नोव्हेंबर

शेजारच्या आजोबांनी आपला प्रोपेनचा "टॉर्पीडो" आणून दिला. आडवं नळकांडं, मागे पंखा, पुढे ज्वाळा, ३५,००० बीटीयू. इथल्या बांधकामांवर हिवाळाभर हेच घुमत असतात. घ्यायचा विचार नव्हता, पण मोजायची संधी सोडवेना. टेबल सॉवर तापमापक चिकटवला, बाकावर हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवला, मोठा दरवाजा चार इंच वर उचलून ठेवला (सूचनापत्रकात तसं बजावलेलंच आहे) आणि मी स्वतः कानात बोळे घालून आत थांबलो.

सुरुवातीला हवा ३ अंश, आर्द्रता ६२ टक्के. तासाने हवा १३ अंश, आर्द्रता ७४ टक्के. आकडा बारानेच वाढला असं वाटतं, पण ऊबदार हवेत पाणी मावतंही जास्त. दर घनमीटरमागचं पाणी दुपटीच्या वर गेलं होतं. टेबल सॉचं बिडाचं टेबल अजून ४ अंशांवर. त्यावरून बोट फिरवलं तर रेघ उमटली. पाणी सुटलं होतं.

कारण रसायनशास्त्राच्या पुस्तकातलंच आहे. एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलोच्या आसपास पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. हा टॉर्पीडो तासाला पाऊण किलोच्या आसपास जाळतो, म्हणजे सव्वा लिटरच्या जवळ पाणी हवेत. आणि १० अंशांची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम पाणी धरते. माझ्या गॅरेजमध्ये शंभर घनमीटर हवा. तासाभराचं पाणी अख्ख्या गॅरेजच्या हवेला पेलत नाही. दरवाजा उघडा होता म्हणून निभावलं. तेवढ्यासाठीच तो उघडा ठेवायचा, आणि उघडा ठेवला की ऊब बाहेर.

केरोसीनचंही तेच, वर वास.

टेबल कोरडं पुसलं, मेण चोळलं. आजोबांना टॉर्पीडो परत दिला, सोबत बायकोने केलेल्या चकल्या. त्यांचं म्हणणं, "बाहेरच्या कामाला ठीक आहे." तेही बरोबर.

३० नोव्हेंबर

निवडीची कसोटी ठरली. जो हीटर हवेत पाणी सोडतो तो बाद. चिमणी असलेला गॅस, वीज किंवा हीट पंप (उलटा चालणारा एसी, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा), एवढेच उरले.

८ डिसेंबर

शनिवार-रविवार माळ्यावर. ड्रायवॉल आधीच होतं, त्यामुळे काम वरून करता आलं. यंत्र भाड्याने आणून सेल्युलोज फुंकलं. हे मुळात जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, आग धरू नये म्हणून बोरेट घातलेलं. मी माळ्यावर नळी धरून, खाली बायको गठ्ठे फोडून यंत्रात टाकतेय. मधूनच खालून हाक, "अहो, अजून किती?" छज्ज्याखालच्या हवेच्या वाटा मोकळ्या राहतील असे पुठ्ठ्याचे पन्हाळे आधी लावून घेतले. ते केलं नाही तर भुगा तिथे जाऊन बसतो, माळ्यात ओल धरते आणि छपराखालचं प्लायवूड काळं पडतं.

नाकात, कानात, पापण्यांत करडी धूळ. मास्क चांगला होता तरी.

१५ डिसेंबर

दरवाज्याच्या पत्र्यांना आतून फोमचे तुकडे बसवले. वजन थोडंच वाढतं, पण वाढतं. दरवाजा अर्ध्यावर उचलून सोडला तर तिथेच थांबायला हवा, माझा खाली येत होता. वरच्या स्प्रिंगला मात्र मी हात लावला नाही. पिळलेल्या त्या स्प्रिंगमध्ये मनगट मोडण्याइतका जोर असतो. माणूस बोलावला, त्याने दोन सळया घालून पाव-पाव फेऱ्याने ताण वाढवला आणि वीस मिनिटांत गेला.

खालचं रबर बदललं, बाजूंना पट्ट्या ठोकल्या. उजव्या भिंतीत ग्लासवूल, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर प्लायवूड. प्लायवूडला कुठेही खिळा ठोकून हत्यार टांगता येतं.

घराला लागून असलेल्या भिंतींना एकही नवं भोक नाही. त्या गॅस-बंद असाव्या लागतात, गाडीचा धूर घरात जाऊ नये म्हणून. वायर न्यावी लागली तर भोक आगरोधक सीलंटने बुजवायचं.

हिशेब पुन्हा: त्याच ३० अंशांच्या फरकाला आता २ किलोवॅट लागतील. आधीच्या चौथा हिस्सा.

१७ डिसेंबर

दोन माणसं येऊन पाहून गेली.

गॅसवाला: छताला टांगायचा युनिट हीटर, भिंतीतून चिमणी, जळायला हवासुद्धा बाहेरून घेणारा प्रकार. भुसा उडतो तिथे हाच प्रकार हवा असं तो म्हणाला, आणि ते पटलं. ज्वाळा खोलीच्या हवेशी संबंध ठेवत नाही. ठिणगीची जागा जमिनीपासून १८ इंच वर हवी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती काँक्रीटवर पसरते. छताला टांगल्यावर तो प्रश्नच मिटतो. पण त्याच्याकडचा सर्वांत लहान ३०,००० बीटीयूचा, म्हणजे पावणेनऊ किलोवॅट. माझी गरज दोनची. तो पाच मिनिटं पेटणार, पंधरा मिनिटं विझणार. पाइप, परवाना धरून साडेतीन हजार.

हीट पंपवाला: एका विजेच्या युनिटमागे दोन-तीन युनिट उष्णता, कडक थंडीत कमी. उन्हाळ्यात गारवा मिळेल ते वेगळंच. साडेपाच हजार. आतल्या युनिटची जाळी भुशाने किती लवकर भरेल, असं विचारल्यावर तो वर बघत राहिला. रोज आठ-दहा तास गॅरेजमध्ये घालवणाऱ्याने हाच घ्यावा. माझं काम संध्याकाळचं आणि शनिवार-रविवारचं, बचत वसूल व्हायला मी निवृत्त होईन.

उरला २४० व्होल्टचा, ५ किलोवॅटचा, पंखावाला विजेचा हीटर. क्वेबेकमध्ये स्टेलप्रो, ऊएलेटसारख्या कंपन्या असले हीटर करतात. तिथे जलविद्युत स्वस्त, घरंच्या घरं विजेवर तापतात, त्यामुळे या मालात त्यांचा हात बसलेला आहे. साडेतीनशे डॉलर.

२१ डिसेंबर

वीज महाग, असं इथे सगळे म्हणतात. किती वाजता, हे कोणी सांगत नाही. ओंटारिओत या हिवाळ्याचे दर असे: कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७ युनिटला १५.८ सेंट, दुपारी १२.२, आणि संध्याकाळी ७ नंतर रात्रभर ७.६. शनिवार-रविवारी दिवसभर ७.६. वर वहन आकार आणि कर. मी गॅरेजमध्ये जातो ते पोरांची जेवणं आटोपून, आठच्या सुमाराला. म्हणजे माझं सगळं काम स्वस्त वेळात येतं. मग गॅसच्या चिमणीचा खर्च कशाच्या जोरावर भरून निघणार?

रात्री ११ नंतर २.८ सेंटची दुसरी योजना आहे, विजेच्या गाडीवाले तिच्यावर खूश असतात. पण तिच्यात संध्याकाळी ४ ते ९ चा दर २८ सेंटच्या वर. स्वयंपाक काय रात्री अकराला करायचा?

४ जानेवारी २०२५

इलेक्ट्रिशियन. ओंटारिओत घरमालकाला स्वतःच्या घरात काम करता येतं, इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे आधी नोंद करून. बाहेरून करून घ्यायचं तर परवानाधारक ठेकेदारच लागतो. मी वायर ओढून ठेवायची तयारी दाखवली, तो म्हणाला, "तू वायर ओढणार आणि सही मी करायची, असं नसतं."

पॅनेल आमचं १०० अँपिअरचं. मला धास्ती होती की तेच बदलायला सांगेल. त्याने घराचं क्षेत्रफळ, चूल, ड्रायर, एसी असं सगळं मांडून हिशेब केला. एसी आणि हीटर एका वेळी चालत नाहीत, म्हणून दोघांतला जो मोठा तेवढाच धरायचा. बसलं. ५ किलोवॅटला २४० व्होल्टवर २१ अँपिअरच्या आसपास, सतत चालणारा भार म्हणून ३० चा ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर.

हीटर कुठे टांगायचा यावर मात्र आमची बरीच चर्चा. त्याला पॅनेलजवळचा कोपरा सोयीचा. तो कोपरा टेबल सॉच्या मागे, भुसा उडतो नेमका तिथे. मी समोरच्या उजव्या कोपऱ्यात, तोंड तिरकं बाकाकडे, असं मागितलं. १५ फूट वायर जास्त. शेवटी तसंच केलं. खाली गाडीचं बॉनेट येतं, त्याच्यापासूनचं अंतर हीटरच्या पत्रकाप्रमाणे मोजून ठेवलं.

११ जानेवारी

हीटर लागला. निरीक्षकाची तपासणीही झाली. पहिल्यांदा लावल्यावर जळकट वास आला, कारखान्यातल्या तेलाचा. दरवाजा उघडा ठेवून अर्धा तास चालवला, गेला.

थर्मोस्टॅट वेगळा, भिंतीवर, वेळ लावता येणारा. सात वाजता सुरू, म्हणजे आठला मी आत जाईन तेव्हा लाकूड तयार.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ, रात्री पहिली चिकटवणी. देव्हाऱ्याच्या चौकटीचे चार खांब आणि खालचा चौरंग, कुसू आणि खाच. लाकडाला लेझरचा तापमापक लावून पाहिला: १३. सरस घरातून आणला. तो कायम घरातच असतो, गोठला की पाणी आणि चिकटा वेगळे होतात आणि बाटली फेकावी लागते.

क्लॅम्प लावले, सांध्यातून बाहेर आलेला सरस मण्यांसारखा उभा राहिला, अर्ध्या तासात रबरासारखा झाला, पटाशीने सोलून काढला. क्लॅम्प काढेपर्यंत गॅरेज १२ वर ठेवायचं, मग थर्मोस्टॅट खाली. सांध्यात पांढरी रेघ कुठेही नाही.

२१ जानेवारी

पहाटे बाहेर उणे १८. ज्या आकड्यावर सगळा हिशेब केला तोच आला, त्यामुळे रजा टाकल्यासारखं संध्याकाळभर नुसतं मोजत बसलो.

गॅरेज ४ अंशांवर राखलेलं होतं. सात वाजता हीटर सुरू. हवा १२ वर यायला वीस मिनिटंही नाही लागली. बिडाच्या टेबलाला १० वर यायला मात्र तीन तासांहून जास्त. जमीन तर रात्री अकरापर्यंत ७ च्या पुढे सरकली नाही.

का, तेही मांडून पाहिलं. गॅरेजमधली सगळी हवा भरली तर सव्वाशे किलोही नाही. ती वीस अंशांनी तापवायला पाऊण युनिट वीज पुरते. काँक्रीटचा थर चार इंचांचा धरला तर साडेआठ टन, आणि तो दहा अंशांनी तापवायचा तर वीस युनिटच्या वर. हीटर हवेला ऊब देतो आणि काँक्रीट ती गिळत बसतं. "दहा मिनिटांत गॅरेज गरम" असं जाहिरातीत लिहितात ते खोटं नाही, पण ते हवेबद्दल असतं. सरसाला, रंध्याच्या पात्याला आणि पायांना त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून ज्या आठवड्यात काम चालू असेल त्या आठवड्यात ४ अंश राखायचे, पूर्ण बंद करायचं नाही. बाहेर उणे ६ असताना याला दिवसाला ११ युनिटच्या आसपास लागतात, कर धरून सव्वा-दीड डॉलर. काम नसेल तेव्हा बंद.

पायांखाली मात्र पाऊण इंची रबरी चटया आणल्या. त्या चाळीस डॉलरांनी जे सुख दिलं ते हीटरला जमलेलं नाही.

२ फेब्रुवारी

नवी भानगड, उलट्या दिशेची. हायग्रोमीटर २८ टक्के. बाहेरच्या उणे पाच-सहाच्या हवेत पाणी असतंच किती, घनमीटरला तीन ग्रॅम. तीच हवा आत १२ अंशांवर आली की कोरडीठाक. टॉर्पीडोने ज्या गॅरेजला घाम फुटत होता ते आता तहानलेलं. बीड खूश, लाकूड नाही. पाठीची मेपलची फळी दोन आठवड्यांत रुंदीला जवळजवळ दीड मिलिमीटर आटली. काठाला एक केसासारखी चीरही सुरू झाली होती, ती मी कापूनच टाकली.

पाठीची फळी खाचेत मोकळी ठेवणार, सरस फक्त मध्यावर. बहिणीकडे जुलैत आर्द्रता ६० च्या वर जाईल तेव्हा ती फुगेल, तिला जागा हवी. खणाच्या तळालाही तसंच. गावाकडच्या सुतारांना हे कोणी शिकवत नाही, सागवान मुळातच कमी हलतं. मेपल बरंच हलतं. आजपासून लाकूड रात्री घरात, तिथे ३५-४० टक्के असते.

१६ फेब्रुवारी

चार दिवसांत दोन मोठी वादळं. ढीग गाडीच्या आरशापर्यंत. अटीप्रमाणे गाडी आत, काम बंद.

गाडीबरोबर आलेलं बर्फ चाकांच्या कमानींतून सुटून वितळलं, जमिनीवर मिठाळ तळं. आर्द्रता २८ वरून ६५. ज्वाळा नसलेला हीटर निवडून मी जे पाणी टाळलं ते गाडीने बादलीने आणून दिलं, वर मीठ फुकट. सगळं पाणी रबरी पुसणीने दरवाज्याबाहेर ढकललं आणि टेबलावर पुन्हा मेण. टेबल सॉवरचं ते जुनं गोधडं मात्र आता नको, ओल धरून ठेवतं. त्याजागी प्लायवूडचं झाकण केलं.

उद्या फॅमिली डेची सुट्टी. बायकोला विचारलं, गाडी बाहेर काढू का? तिने खिडकीतून बाहेर बघितलं आणि काही बोलली नाही.

२३ फेब्रुवारी

वॉलनटची कमान बसली. कळस लेथवर उतरवला.

हीटरची जाळी उघडून ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केली. आत मैद्यासारखा भुसा बोटभर होता, तापणाऱ्या तारांच्या अगदी जवळ. सँडिंगच्या दिवशी हीटर आधी बंद करायचा, धूळ बसली की मग चालू. दर महिन्याला सफाई, ब्रेकर पाडून.

८ मार्च

पॉलिश. निरांजनाच्या आसपासचं लाकूड, वर तेलाचे थेंब, म्हणून आधी जवसाचं उकळलेलं तेल आणि ते पूर्ण वाळल्यावर वरून शेलॅक, म्हणजे आपली लाखच. शेलॅक स्पिरिटमधलं. ते लावताना हीटरचा ब्रेकर पाडलेला, मोठा दरवाजा फूटभर वर. आज बाहेर उन्हात ६ अंश होते म्हणून जमलं. दुपारी गॅरेज १५ पर्यंत तापवून घेतलं, मग बंद करून तासाभरात हात फिरवले. काँक्रीट तोवर उबेने बऱ्यापैकी भरलेलं असतं, ते दरवाजा उघडा असूनही लाकूड एकदम गार होऊ देत नाही.

तेलाची फडकी गोळा करून कधीच ठेवायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. सगळी फडकी बाहेर कुंपणावर एकेक पसरून टाकली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून चिमटे लावून.

१५ मार्च

बिल आलं, फेब्रुवारीचं. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा साडेतीनशे युनिट जास्त, बहुतेक सगळी ७.६ सेंटच्या रकान्यात. सगळं धरून बेचाळीस डॉलर. बायकोने बिल वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आता हीटर आहेच, तर पोरांचा अभ्यासाचा टेबल कधी?"

देव्हारा दोन भागांत सुटतो, गाडीत मागची सीट पाडून मावतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी नेणार.

राहिलेलं: दरवाज्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून अजून वारा येतो, अगरबत्ती धरली की धूर आत वळतो. तिथे काँक्रीट अर्धा इंच खाली बसलंय, सरळ रबर टेकत नाही. जमिनीला चिकटवायचा रबरी उंबरठा आणून ठेवलाय, पण त्याच्या गोंदाला १० अंशांची कोरडी जमीन हवी. मे महिन्यात बघू.